मंडळीत जबाबदारी घेतलीय ना, मग रोजचं वाचन असं लावा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात कुणी नवीन जबाबदारी घेतली की आठवड्याभरात त्याचा फोन येतोच, दादा रविवारी उपासनेत मला बोलायचंय, तयारी कशी करू. मी त्याला उलटं विचारतो, ज्या रविवारी तुला बोलायचं नसतं त्या आठवड्यात तू काय वाचतोस? बहुतेक वेळा पलीकडून काहीच आवाज येत नाही. मी स्वतः सहा-सात वर्षं तसाच होतो, संदेश म्हणजे प्रवचन द्यायची पाळी आली की शनिवारी रात्री पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं, आठ-दहा वचनं गोळा करायची, रविवारी बोलून मोकळं व्हायचं, आणि लोक छान बोललात म्हणायचे त्यामुळे आपलं बरं चाललंय असंच वाटायचं.

मग एकदा नाशिकरोडला एका घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा होती. त्या घरातला तरुण मुलगा ॲक्सिडेंटमध्ये गेलेला, दीडेक महिना झाला असेल. प्रार्थना झाली, लोक चहा घेत होते आणि त्याची आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, भाऊ, देवाचा राग आला तर चालतो का हो? मी क्षणभरही न थांबता सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे रोमकरांसच्या पत्रातलं वचन सांगून टाकलं. ती माउली काहीच बोलली नाही, आत गेली आणि कप विसळायला लागली. तो नळाचा आवाज मला अजून ऐकू येतो. पुढे काही महिन्यांनी मी स्तोत्रसंहिता पहिल्यापासून क्रमाने वाचायला घेतली तेव्हा ८८ व्या स्तोत्रापाशी आलो, ते स्तोत्र सुरू होतं आरोळीने आणि संपतं अंधारात, शेवटी दिलासा वगैरे काही नाही, आणि तरी ते देवाच्या वचनात आहे, कुणीतरी देवालाच ते सगळं म्हणालेलं आहे. म्हणजे त्या आईला जे पाहिजे होतं ते त्या दिवशी माझ्या बॅगेतच होतं, पण तिथून कधी संदेश निघत नाही म्हणून मी त्या पानावर गेलोच नव्हतो.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, संदेशाच्या तयारीचं वाचन आणि स्वतःचं वाचन वेगळं ठेवा. वेळ वेगळी, वही वेगळी, जमलं तर पुस्तकाची प्रत पण वेगळी. तयारीचं वाचन करताना आपण लोकांसाठी शोधत असतो, त्यामुळे जे आपल्याला लागू होतं ते सोडून पुढे जातो. स्वतःचं वाचन करताना कुणाला काही सांगायचं नाहीये हे आधीच ठरलेलं असतं, मग वचन आपल्याकडे बघायला लागतं. जुन्या करारातल्या योशीया राजाचं बघा ना, नियमशास्त्राचा ग्रंथ परमेश्वराच्या मंदिरातच पडलेला, हिल्कीया याजकाला सापडला, शाफान चिटणीसाने राजाला वाचून दाखवला आणि राजाने आधी स्वतःची वस्त्रं फाडली, प्रजेला गोळा करून वाचून दाखवलं ते त्यानंतर.

वेळेबद्दल लोक फार मोठे बेत करतात, पहाटे चारला उठून एक तास वगैरे. ज्याला जमतं त्याने जरूर करावं पण सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला ते महिनाभर पण टिकत नाही, मी स्वतः कंपनीत आहे म्हणून सांगतो, फर्स्ट शिफ्टचा आठवडा वेगळा आणि नाईटचा वेगळा. घड्याळाला न बांधता एखाद्या कामाला बांधा. माझं चहाला बांधलेलं आहे, कुठलीही शिफ्ट असो, झोपून उठल्यावरचा पहिला चहा आणि पंधरा मिनिटं, तोपर्यंत मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. मोबाईलचं हे मुद्दाम सांगतोय कारण ॲपवर मराठी बायबल आहे, चांगलं आहे, प्रवासात सिटीलिंकच्या बसमध्ये मी पण तेच वाचतो, पण घरी बसून वाचायचं तर कागदावर वाचा, नाहीतर तिसऱ्या वचनाला कुठल्यातरी ग्रुपवरचा मेसेज येतो आणि संपलं. आणि हो, सकाळी ग्रुपवर आजचे वचन म्हणून फुलांचा फोटो येतो तो वाचणं म्हणजे वाचन नाही, एक ओळ आहे ती, तिच्या मागेपुढे काय आहे ते आपल्याला ठाऊकच नसतं.

आता काय वाचायचं. जानेवारीत उत्पत्तीपासून सुरुवात करून फेब्रुवारीत लेवीयच्या पुस्तकात अडकलेले मंडळीत ढिगाने सापडतील, त्यामुळे नवख्या माणसाला मी तसं करायला सांगत नाही. नव्या करारात २६० अध्याय आहेत, आठवड्याला पाच दिवस रोज एक अध्याय धरला तर बरोबर ५२ आठवडे होतात, म्हणजे वर्षभरात पूर्ण नवा करार आणि शनिवार-रविवार सुट्टी, राहिलेलं भरून काढायला. जोडीला नीतिसूत्रे, ३१ अध्याय आहेत, आज जी तारीख तो अध्याय, यात विचार करायलाच नको. ज्याचं हे एक वर्ष नीट झालं त्याने मग संपूर्ण शास्त्र घ्यावं, एकूण ११८९ अध्याय, दिवसाला तीन-चार लागतात. दोन भाषांतरं जवळ ठेवा, एक आपलं सवयीचं जुनं आणि एक सोप्या मराठीतलं, जिथे दोघांत फरक दिसेल तिथे थांबा, कारण तिथे बहुतेक वेळा काहीतरी समजून घेण्यासारखं असतं. पंडिता रमाबाई १९२२ साली वारल्या, त्याआधी त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. केडगावला शेकडो बायका-मुलींचा संसार सांभाळत त्यांनी हे काम केलं, हे आठवलं की मला वेळ नाही हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

वहीचं थोडं सविस्तर सांगतो कारण खरा फरक तिथे पडतो. साधी दोनशे पानी वही घ्या, डायरी नको, डायरीत तारखा छापलेल्या असतात आणि कोरी पानं बघून माणूस खचतो. रोज तीन-चार ओळींपेक्षा जास्त लिहायचं नाही. पहिली ओळ, इथे काय म्हटलंय, आपल्या शब्दांत, तिथलेच शब्द उतरवून काढायचे नाहीत. दुसरी, काय बोचलं. कधी कधी काहीच बोचत नाही, तेव्हा तसंच लिहायचं. मग कळलं नाही ते प्रश्न म्हणून लिहून ठेवायचं आणि महिन्यातून एकदा पाळकसाहेबांकडे जाऊन ते प्रश्न विचारायचे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तो कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत होता, फिलिप्पाने विचारलं वाचताय ते कळतंय का, तर तो म्हणाला कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं कळणार. राणीच्या सगळ्या खजिन्यावरचा माणूस होता तो आणि त्याला हे म्हणायची लाज वाटली नाही. आपल्याकडे पदावर बसलं की प्रश्न विचारणं बंद होतं, हे मंडळीचं फार नुकसान करतं असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. मार्क ६ वा अध्याय, शिष्य सेवेवरून परत आले, जेवायला सुद्धा सवड मिळेना, तेव्हा प्रभू म्हणाला तुम्ही रानात एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. मी लिहिलं होतं, काय बोचलं: घरी रविवारचं जेवण कधी एकत्र झालं? त्याच्या खाली बायकोच्या अक्षरात लिहिलेलं आहे, पाच महिने. तिने वही कधी बघितली मला माहीत नाही. त्यानंतर दुपारची मीटिंग मी चारला नेली.

शास्त्राशिवाय दुसरं पण वाचावं. काही लोक म्हणतात बायबल असताना बाकीचं कशाला, पण प्रेषित पौल म्हाताराच होता, कैदेत होता, आणि तरी पुस्तकं मागवत होता. महिन्याला एक पुस्तक हे दडपण घेऊ नका, रोज सहा-सात पानं वाचली तरी दोनशे पानांचं पुस्तक महिन्याभरात होतं, नाही झालं तर दोन महिन्यांत होईल. सुरुवात चरित्र-आत्मचरित्रापासून करा कारण त्यात माणूस चालता-बोलता दिसतो. नाशिककराने पहिलं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे घ्यावं. लक्ष्मीबाई टिळक आपल्या गोदाकाठच्या जलालपूरच्या, शेवटची वर्षं पण त्यांची नाशिकलाच गेली आणि १९३६ साली इथेच वारल्या. त्यांचे पती रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली, मधली वर्षं त्या घरावर काय गुदरलं ते त्यांनी इतक्या सरळ मराठीत लिहिलंय की शाळेत न गेलेली आजी पण ऐकत बसेल. लोक ते विनोदासाठी वाचतात, पण पुढारपण करणाऱ्याने ते दुसऱ्या नजरेने वाचावं. एक झपाटलेला, उदार, देवाच्या कामाला वाहिलेला माणूस बायकोच्या नजरेतून कसा दिसतो, त्याने हात सैल सोडला की चूल कशी पेटायची, हे सेवकाला दुसरं कोण सांगणार? मी ते वाचून झाल्यावर बायकोला दिलं आणि मग आमचं दोन-तीन रात्री बरंच बोलणं झालं.

आणि शरणपूर रोडवरून रोज जातो आपण, त्या शरणपूरचा इतिहास वाचा. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास तिथे ख्रिस्ती वसाहत वसवली, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलं तिथे राहून शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा सोबतच्या मंडळींत दफनविधीची प्रार्थना वाचली ती त्याने, झाडावर नाव कोरलं ते पण त्याने, आणि पुढे शव घेऊन लंडनपर्यंत गेला. त्या जंगलात तो काही सगळ्यांचा प्रमुख नव्हता, पण वाचता-लिहिता येणारा होता म्हणून त्या घडीला तो पुढे झाला. आमच्या संडेस्कूलच्या पोरांना हे सांगितलं तर पोरं विचारतात, आपल्या शरणपूरचा?

पुस्तकं विकत घ्यायलाच पाहिजेत असं नाही, सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे १८४० पासून आहे, सभासद व्हा. रोजचा पेपर पण सोडू नका. निफाड-लासलगावकडची कुटुंबं मंडळीत असतील तर कांद्याचा भाव काय पडला, द्राक्षं घडावर असताना पाऊस झाला का, हे तुम्हाला माहीत पाहिजे, नाहीतर पाऊस पडला म्हणून तुम्ही आभाराची प्रार्थना कराल आणि समोरच्या बाकावर बसलेला माणूस आतून तुटलेला असेल.

एकट्याने वाचन टिकत नाही, निदान माझं तरी टिकलं नसतं. चार-पाच जण धरा, जास्त नको. आम्ही रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बसतो, एकच अध्याय किंवा पुस्तकातलं एकच प्रकरण सगळ्यांनी घरी वाचून यायचं, मग प्रत्येकाने आपली खूण केलेली एक ओळ वाचायची आणि का ते सांगायचं, बास. भाषण नाही. ज्याचं वाचून झालं नाही त्याने पण यायचं आणि ऐकायचं, त्याला कुणी काही बोलायचं नाही, हा नियम फार महत्त्वाचा आहे कारण एकदा लाज वाटली की माणूस पुढच्या वेळी येतच नाही. गटात सगळे एकाच वयाचे नको, एखादे काका, एखादी नुकती नोकरीला लागलेली मुलगी असू दे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना घरी जाऊन वाचून दाखवायची पाळी लावा. मोठ्याने वाचताना घाई करता येत नाही, स्वल्पविराम पण दिसायला लागतात. त्या नाशिकरोडच्या आईकडे मी नंतर गेलो होतो, ८८ वं स्तोत्र वाचून दाखवलं आणि या वेळी पुढे काही बोललो नाही. तिने पुस्तक मागून घेतलं आणि त्या पानात लाईटबिलाची पावती घालून ठेवली.

खंड पडणार. लग्नसराई येते, घरात दवाखाना लागतो, ओव्हरटाईम असतो, आणि बघता बघता बारा दिवस वही उघडलेली नसते. अशा वेळी मागचे बारा अध्याय एका दिवसात उरकायचे नाहीत, तिथेच लोक कायमचे सोडतात. आजचा अध्याय वाचायचा, वहीत आजची तारीख टाकायची, मधली पानं कोरी पण सोडायची नाहीत.

कुठून सुरू करू हेच कळत नसेल तर आज रात्री पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढा. चारच अध्याय आहेत, रोज एक, चार दिवस. चौथ्या दिवशी १३ व्या वचनापाशी पौल तीमथ्याला सांगतो की त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा घेऊन ये आणि पुस्तकं पण आण, विशेषतः चर्मपत्रं. थंडी यायच्या आधी ये असं तो पुढे २१ व्या वचनात म्हणतो. दोन्ही वचनांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि वहीत पहिली तारीख टाका.