आरटी-११ वापरताना या चुका टाळा

सिमएच या जुन्या संगणकांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर पीडीपी-११ हा संगणक उभा करून त्याची आरटी-११ ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली की पहिली अडचण टायपिंगची येते. चुकलेलं अक्षर खोडायला डिलीट दाबलं, की ते पुसलं न जाता एक तिरकी रेघ उमटते आणि खोडलेलं अक्षर पुन्हा छापलं जातं. हा बिघाड नाही. कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवर अक्षर पुसता येत नसे, म्हणून ही सोय केलेली. 'सेट टीटी स्कोप' ही कमांड द्या, प्रश्न मिटला.

खरी डोकेदुखी डिस्कची. फाइलींची यादी दाखवणाऱ्या डीआयआर कमांडच्या शेवटी 'इतके ब्लॉक मोकळे' असा आकडा येतो आणि नवखा माणूस त्यावर विसंबतो. आरटी-११ मध्ये प्रत्येक फाइल सलग ब्लॉकमध्येच बसते. एक ब्लॉक ५१२ बाइटचा. मोकळे ३०० ब्लॉक जर शंभर-शंभरच्या तीन तुकड्यांत विखुरलेले असतील, तर १५० ब्लॉकची फाइल मावणार नाही. म्हणून डीआयआर/फुल द्या, मोकळे तुकडे कुठे आणि केवढे ते वेगवेगळे दिसतात.

याहून चकवणारी गोष्ट पुढे आहे. प्रोग्रामने आकार न सांगता नवी फाइल उघडली, तर त्याला सर्वांत मोठ्या तुकड्याचा अर्धा भाग किंवा दुसऱ्या क्रमांकाचा अख्खा तुकडा, यांतलं जे मोठं ते मिळतं. समजा ४०० आणि १२० ब्लॉकचे दोन तुकडे आहेत. वाट्याला २०० येतात. मॅक्रो या असेंब्लरची लिस्टिंग (त्याने लिहिलेली छापील यादीची फाइल) २५० ब्लॉकची झाली, तर ४०० समोर दिसत असूनही जागा संपल्याची तक्रार येते. अशा वेळी /ॲलोकेट:२५० असा आकडा आधीच सांगा.

विखुरलेले तुकडे एकत्र करायला स्क्वीझ ही कमांड आहे. पण त्याआधी डिस्क इमेजची, म्हणजे सिमएच जी फाइल डिस्क म्हणून वापरतो तिची, प्रत काढाच, आणि काम चालू असताना सिमएच बंद करू नका, कारण फाइली जागेवरून हलत असतात. सिस्टीम डिस्क स्क्वीझ केली तर शेवटी मॉनिटर (पडदा नव्हे, आरटी-११ चा गाभा) आपोआप पुन्हा बूट होतो, घाबरू नका.

चुकून फाइल डिलीट झाली? हात आवरा. त्या डिस्कवर काहीही लिहू नका, स्क्वीझ तर नकोच. डीआयआर/डिलीटेड दिलं की पुसलेल्या फाइलचं नाव, आकार आणि सुरुवातीचा ब्लॉक दिसतो. तो आकडा क्रिएट कमांडला /स्टार्ट मधून आणि आकार /ॲलोकेट मधून दिला, तर वर काही लिहिलं गेलेलं नसेल तेव्हा फाइल जशीच्या तशी परत येते. एवढ्या छोट्या सिस्टीमने ही वाट खुली ठेवली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

मात्र नवी फाइल लिहिणारा प्रोग्राम दोनदा कंट्रोल-सी दाबून मारला, तर फाइल बंद झालेलीच नसते आणि डिरेक्टरीत तिची नोंदही होत नाही. एडिटरमधून नेहमी रीतसर बाहेर पडा.

'फाइल सापडत नाही' असं आलं, तर आधी डीके:, म्हणजे डिस्कचं नाव न दिल्यास धरली जाणारी डिस्क, कुठे लावलंय ते पाहा. रन कमांड प्रोग्राम डीके: वर शोधते, नुसतं आर दिलं तर सिस्टीम डिस्कवर, म्हणजे एसवाय: वर. असाइन कमांडने डीके: दुसऱ्या डिस्ककडे वळवलं असेल, तर फाइली कॉपी करणाऱ्या पीआयपीसारखे सिस्टीम डिस्कवरचे प्रोग्राम आर देऊनच चालवा.