मुलांच्या खोलीत जुन्या वस्तू लावताय? या चुका टाळा

दोन भावंडांची एकच खोली घरातल्या जुन्या वस्तूंनी सजवायची, ही कल्पना मला मनापासून आवडते. जुनं लाकूड भक्कम असतं, दुरुस्त करता येतं, आणि बाबा लहानपणी ज्या टेबलावर अभ्यास करायचा त्याच टेबलावर मुलं बसली की घराची एक गोष्ट पुढे सरकते. जुनं फर्निचर दुरुस्त करून पॉलिश करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे अशा खोल्या सतत बघण्यात येतात. पण लोक बोलावतात ते खोली लागून गेल्यावर, काहीतरी बिघडल्यावर. आणि चुका त्याच त्याच असतात.

जवळपास सगळ्यांचं मूळ एकच. बाहेरून विकत घेतलेली जुनी खुर्ची लोक उलटीपालटी करून बघतात, हलवून बघतात, वास घेतात. आजीचं कपाट मात्र कुणी नीट उघडूनही बघत नाही. आठवणीची वस्तू म्हटली की तिला तपासणीत सूट मिळते. ती सूट देऊ नका.

गाडीतून उतरवली की थेट खोलीत

ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

माझ्या मावसबहिणीला दोन मुली. धाकटी पाळण्याच्या खाटेतून मोठी झाली तेव्हा तिच्यासाठी नवऱ्याच्या आत्याकडचा पलंग आणायचं ठरलं. मुलींचा बाबा लहानपणी सुट्टीत त्याच पलंगावर झोपायचा. मी म्हटलं होतं, आणण्याआधी एकदा मला दाखवा. उत्तर आलं, "अरे, घरचाच तर आहे, त्यात काय बघायचं?" पलंग संध्याकाळी आला, ओल्या फडक्याने पुसला, आणि धाकटी हट्टाने त्याच रात्री त्यावर झोपली.

थोड्याच दिवसांत तिच्या दंडावर एका रेषेत लाल गांधी उठायला लागल्या. आधी डास म्हणून जाळ्या बसवल्या. मग साबण बदलला. मग मोठीही खाजवायला लागली, कारण दोघींच्या पलंगांमध्ये जेमतेम हातभर अंतर होतं. शेवटी कुणाच्या तरी सल्ल्याने खोलीभर फवारा मारला, आणि त्यानंतर मला फोन आला.

मी उशाकडची फळी आणि आडवी पट्टी यांचा सांधा खोलला. स्क्रूच्या भोकाभोवती शाईचे असावेत तसे काळे ठिपके, ढेकणांनी टाकलेल्या पिवळट काती, आणि फटीत मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी. चौकशी केल्यावर कळलं की आत्याकडे ज्या खोलीत हा पलंग होता तिथे मधल्या काळात भाडेकरू राहून गेले होते. ढेकूण रक्त न पिता महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे पलंग मधे रिकामा होता की वापरात, याने काही फरक पडत नाही. आणि त्या फवाऱ्याने ढेकूण मेले नव्हते, पांगले होते. मोठीच्या पलंगात, भिंतीकडेच्या पट्टीमागे, पुस्तकांच्या कपाटात. एका पलंगाचं काम अख्ख्या खोलीचं झालं. सगळं अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवून ड्रायरमध्ये कडक वाळवलं, फटीफटीत सावकाश वाफ मारली, तरीही शेवटी कीडनियंत्रण करणाऱ्यांना बोलवावंच लागलं. मोठी मुलगी त्यानंतरही कितीतरी दिवस स्वतःच्या पलंगावर झोपायला तयार नव्हती. हे सगळं टाळायला एक दुपार पुरली असती.

माझी सवय साधी आहे. वस्तू बाहेर ठेवायची, मुलांच्या खोलीपासून शक्य तितकी लांब. सगळे खण बाहेर काढायचे, वस्तू उलटी करायची, सांधे खोलता येत असतील तर खोलायचे. हातात टॉर्च आणि एक जुनं प्लास्टिकचं कार्ड. कार्ड प्रत्येक फटीतून ओढायचं आणि काय बाहेर येतं ते बघायचं. मग खाली काळा कागद पसरून दोन आठवडे वस्तू तशीच ठेवायची. ढेकणांची अंडी साधारण आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी कार्ड परत फिरवायचं. आणि कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर समजायचं की लाकडात भुंगा जिवंत आहे. नुसती भोकं दिसली म्हणून घाबरू नका, ती जुनी असू शकतात. भुसा ताजा पडतोय का, हे महत्त्वाचं.

"दोन दिवस उन्हात ठेवलं, झालं" हे मला रोज ऐकायला मिळतं. उन्हाने वास जातो. ढेकूण आणि त्यांची अंडी मरायला फटीच्या आत ५० अंशांच्या आसपास उष्णता पोचावी लागते, आणि जाड लाकडात ती उन्हाने पोचत नाही. तापायला लागलं की ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

गादी मात्र कुणाचीच वापरलेली घेऊ नका. सख्ख्या भावाकडचीही नाही.

जुना रंग कोरडा घासणं

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता खरी आहे. रंग लवकर वाळावा, टिकावा, चमकावा म्हणून ते घालायचे. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आणली, बाकी देशांनी आपापल्या सवडीने, काहींनी अगदी अलीकडे. त्यामुळे वस्तूवर जाड, भेगाळलेला, थरावर थर चढलेला रंग असेल आणि तो कधीचा हे कुणालाच सांगता येत नसेल, तर त्यात शिसं आहे असं धरूनच चाला. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी माहीत नाही. मुलं पलंगाचा कठडा दातांनी कुरतडतात. खण उघडताना-मिटताना रंग घासून त्याची पूड कपड्यांवर पडते.

आणि उत्साही मंडळी काय करतात? घासायचं मशीन आणतात आणि मुलांच्याच खोलीत, दार लावून, धुरळा उडवतात. हे बघून माझा जीव वरखाली होतो. रंगाची आधी चाचणी करून घ्या. शिसं निघालं तर रंग काढायचं काम जाणकाराकडे, घराबाहेर. ते जमणार नसेल तर ती वस्तू मुलांच्या खोलीत न नेता मोठ्यांच्या खोलीत ठेवा. वरून नवा रंग मारणं हा मला उपाय वाटत नाही. चावण्याच्या आणि घासण्याच्या जागी तो सगळ्यात आधी निघतो.

नव्या रंगाच्या बाबतीत घाई नडते ती वेगळ्या प्रकारे. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. पाण्यातले रंग पुरते कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतात. रविवारी रंगवलेल्या फळीवर सोमवारी पुस्तकं रचली की पुढच्या महिन्यात पुस्तकाचं कव्हर फळीला आणि फळीचा रंग पुस्तकाला. नखाने हलकं दाबून बघा. वळ उठला तर थांबा. ज्याला थांबायला जमत नाही त्याने रंगाच्या भानगडीत न पडता नुसतं साफ करून वॅक्स लावावं. जुन्या लाकडाला ते शोभतंही.

पेटी तशीच ठेवणं

खेळणी ठेवायला जुनी मोठी पेटी सगळ्यांनाच हवी असते. पेटीचं झाकण जड असतं, आणि लपंडाव खेळणारी मुलं आत शिरतात. बाहेरून आपोआप लागणाऱ्या आणि आतून न उघडणाऱ्या कुलपांमुळे मुलं पेटीत गुदमरून गेली आहेत. अमेरिकेत १९९६ साली याच कारणाने लाखो जुन्या पेट्यांची कुलपं बदलून देण्याची मोहीम निघाली. म्हणून कडी, कोयंडा, कुलूप जे असेल ते उपटून टाका. पितळेचं असलं, पणजोबांच्या वेळचं असलं, तरी. काढलेलं कुलूप जपून ठेवा, वाटल्यास फ्रेम करा. मागच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडा, आणि झाकण कुठल्याही कोनात जागच्या जागी थांबेल असा आधार बसवा. हे करायला मन होत नसेल तर झाकणच काढून ठेवा. उघड्या पेटीत खेळणी परत टाकली जाण्याची शक्यताही वाढते.

कपाट भिंतीला न बांधणं

मुलं खणांच्या पायऱ्या करून चढतात. सगळे खण एकदम बाहेर आले की रिकाम्या कपाटाचाही तोल पुढे जातो. जुन्या कपाटासोबत भिंतीला बांधायचं सामान येत नाही, म्हणून लोक विसरतात. दोन पट्ट्या, चार स्क्रू, त्याच दिवशी.

आठवण एकाची, खोली दोघांची

आता माझ्या मनातला दुसरा मोठा विषय. यात कुणाला इजा होत नाही, पण खोली फसते ती बहुतेक वेळा इथेच.

एका घरात दोन भाऊ, नऊ आणि पाच वर्षांचे. आजोबांचं लिहिण्याचं टेबल मी दुरुस्त करून दिलं होतं, सुंदर झालं होतं. ते दोघांच्या खोलीत खिडकीखाली ठेवलं. काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी गेलो तर मोठा जमिनीवर पालथा पडून गणितं करत होता, धाकटा त्याच्या शेजारी चित्रं काढत होता, आणि टेबलावर घड्या केलेले कपडे रचलेले. विचारलं तर मोठा म्हणाला, "तिथे बसलं की बाबा सारखं म्हणतात, हळू, आजोबांचं आहे." धाकट्याला तर त्या टेबलाजवळ रंग न्यायलाच बंदी होती. वर तो मला म्हणाला की टेबल दादाचं आहे, त्याचं इथे काहीच नाही. तो जन्मला तेव्हा आजोबा गेलेले होते.

ज्या वस्तूला मुलांनी जपून हात लावायचा, ती वस्तू मुलांच्या खोलीतली नाही. तुमची आठवण असेल तर ती तुमच्या खोलीत ठेवा, मनसोक्त जपा. मुलांच्या खोलीत दिली तर तिच्यावर ओरखडा पडणार, शाई सांडणार, कोपऱ्यात कुणीतरी आपलं नाव कोरणार, हे आधीच मान्य करून द्या. त्या घरात आम्ही टेबलाच्या मापाची पातळ प्लायची फळी कापली, खाली फेल्ट लावलं आणि टेबलावर नुसती ठेवली. फळीवर काहीही करायची मोकळीक. रंग टेबलावर आले.

धाकट्याचा प्रश्न फळीने सुटणारा नव्हता. सामायिक खोलीत आठवणीची वस्तू कुणाची, हे आईवडिलांनी ठरवलं नाही तरी मुलं मनात ठरवून टाकतात, आणि ज्याच्या वाट्याला काही येत नाही त्याला ते बरोबर कळतं. मी सगळ्यांना सांगतो की खोली लावायच्या आधी जुन्या वस्तू मुलांसमोर मांडा. कुणाची, कुठून आली, तिच्यावर काय काय झालं, ते सांगा. मग मुलांना निवडू द्या, प्रत्येकाने एक. बरेचदा ती मोठ्यांना न सुचलेलीच वस्तू निवडतात. या धाकट्याने आजोबांच्या हत्यारांची चपटी लाकडी खोकी मागितली. कड्या घासल्या, हत्यारं आणि खिळे काढले, आणि त्यात त्याचे रंग गेले. जे कुणीच मागत नाही ते त्या खोलीत ठेवू नका, मग ते तुम्हाला कितीही प्रिय असो.

वाटणी सारखी हवी म्हणजे वस्तू सारख्या हव्यात असं नाही. जुन्या पलंगांची जोडी जुळवायला लोक वर्षभर हिंडतात. दोन वेगळे पलंग खुशाल ठेवा. गादीची वरची पातळी सारखी करा, चादरी एका रंगाच्या घ्या, आणि प्रत्येकाला स्वतःचा दिवा, स्वतःची फळी आणि दुसऱ्याने न उघडायचा एक खण द्या.

आणखी काही, थोडक्यात

दोन मजली पलंग जुना घेताना वरच्या बाजूचा कठडा गादी टाकल्यावर किमान १३ सेंटिमीटर वर उरतो का ते मोजा. जाड गादी टाकून लोक कठडा निरुपयोगी करतात. वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालचं मूल नको.

एक बाजू खाली सरकणारी बाळाची जुनी खाट कितीही प्रेमाची असली तरी झोपायला वापरू नका. अमेरिकेत २०११ पासून तिची विक्रीच बंद आहे. साध्या खाटेतही दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

जुन्या दिव्याची कापडी वेष्टणाची वायर दिसली की वायर, होल्डर आणि प्लग तिन्ही बदला. "चालतोय की" हे कारण नाही.

कपाटाचा कुबट वास घालवायला डांबराच्या गोळ्या नकोत. त्यातलं नॅप्थलीन मुलांना घातक ठरू शकतं. आतून लाखेच्या पॉलिशचा हात मारा, वास लाकडातच बंद होतो.

जुने फोटो लावायचे तर प्रत काढून लावा. मूळ फोटो उजेडाने विटतो, आणि विटलेला परत येत नाही.

गोधडी भिंतीवर टांगू नका, पांघरायला द्या. फाटली तर ठिगळ लावता येतं.

खुर्ची डुगडुगते म्हणून सांध्यात खिळा ठोकू नका. लाकूड चिरतं आणि पुढचा कारागीर हळहळतो. सांधा उकला, जुना वाळका गोंद खरवडा, नवा लावा, रात्रभर आवळून ठेवा.

खोली लागल्यावर महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा तपासा. जुन्या लाकडातली भोकं सैल झालेली असतात. स्क्रू नुसताच फिरत राहिला तर जाड स्क्रू घुसवू नका. लाकडाच्या बारीक काड्या गोंदात बुडवून भोकात ठासा, दुसऱ्या दिवशी वर आलेलं टोक कापा आणि तोच स्क्रू परत बसवा.