वडील गेले, त्यांची बंदूक घरात आहे: आता काय करायचं?

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. नाशिक ग्रामीणला हवालदार असताना परवान्याच्या शस्त्रांचं रजिस्टर बरीच वर्षं माझ्याकडे होतं. दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर हे वाक्य मी सतत बोलत आलो. परवानाधारक वारला की शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे वारसांनी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. सुतक आहे म्हणून थांबू नका. जाणं जमत नसेल तर निदान फोन करून कळवा. बिनपरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आहे.

फोन आधी करण्याचं दुसरंही कारण आहे. बंदूक रिकामीच असेल असं कधीही धरून चालू नका. एकदा एक मुलगा वडिलांची डबल बॅरल धोतरात गुंडाळून मोटारसायकलवर ठाण्यात घेऊन आला. टेबलावर मी ती मधून उघडली, तर दोन्ही नळ्यांत काडतुसांची पितळी बुडं चकाकत होती. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. रस्ताभर ती त्याच्या पाठीला होती. बंदूक हाताळायची सवय नसेल तर हात लावू नका, खोलीला कुलूप घाला आणि कशी आणायची ते ठाण्यातच विचारा.

काडतुसं मात्र शोधून ठेवा. ती कपाटात, देवघराच्या फळीवर, फवारणीच्या औषधांच्या खोलीत, कुठेही सापडतात. बंदुकीबरोबर तीही जमा करायची. पोच घेताना कंपनी, बोअर (नळीचं माप), बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या परवान्याशी ताडून बघा. नंबरातला एक आकडा चुकला तरी पुढे फार त्रास होतो.

जमा झाली की निवांत ठरवा. मुलाला हवी असेल तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे वारस म्हणून अर्ज करता येतो. शहरात पोलीस आयुक्तांकडे, तालुक्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय २१ पूर्ण हवं, वैद्यकीय दाखला आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लेखी घेऊन ठेवा. एका नावावर २ च शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी ३ चालत. वारसाहक्काने आलेलंही त्यातच मोजतात.

अर्ज करण्याआधी घरात एकदा मोकळेपणाने बोला. निफाडकडे पहिलं उत्तर येतं, 'उसात बिबट्या आहे.' भीती खरी आहे, रात्रीचं पाणी भरायला जाणाऱ्याला विचारा. पण बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. त्यासाठी वनखात्याला फोन करायचा. आणि वरातीत हवेत बार काढायला हवी असेल तर नकोच. निष्काळजीपणे तसा बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अमेरिकेत बंदूक बाळगणं हा १७९१ पासून घटनेतला हक्क आहे आणि त्यावरून तिथे कायम वाद पेटलेला असतो. आपल्याकडे तो हक्क नाही, परवानगी आहे, आणि ती तशीच राहावी असं मी मनापासून म्हणतो. २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्या बंदुका मारेकऱ्याच्या आईने रीतसर विकत घेतलेल्या होत्या. घरातल्या चिडक्या, खचलेल्या किंवा दारू पिणाऱ्या माणसाच्या हाताला बंदूक लागू शकते का, हे घरच्यांनाच सगळ्यात आधी कळतं. शंका असेल तर अर्ज करू नका.

नको असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा दुसऱ्या परवानाधारकाला रीतसर विकता येते, नाहीतर सरकारजमा करता येते. पण ठाण्यात ठेवून विसरू नका. मुदतीत काही केलं नाही तर ती सरकारजमा होते, म्हणून पोच घेतानाच मुदत विचारून तिच्या मागे लिहून ठेवा.