लांबून वैरण आणताय? भाडं ठरवताना या चुका टाळा

रब्बी साधली की मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून मालदांडी ज्वारीचा कडबा निघतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूर जिल्ह्यात कुणाला बाहेरच्या वैरणीची आठवणही येत नाही. रब्बी हुकली की मात्र सांगोला, करमाळा, मोहोळकडचे गोठेवाले फोन फिरवायला लागतात. कर्नाटकातल्या रायचूर, सिंधनूर, गंगावतीच्या भातपट्ट्यात बेलरने, म्हणजे गठ्ठे दाबून बांधणाऱ्या यंत्राने बांधलेले पेंढ्याचे गठ्ठे मिळतात. कुणी तेलंगणातून मागवतो, तर कुणी थेट भंडारा-गोंदियाकडून. जागेवरचा दर ऐकून माणूस हरखतो, आणि गाडी गोठ्यात येईपर्यंत तीच वैरण गावातल्या कडब्याच्या भावाला जाऊन भिडते.

यात ट्रकवाल्याचा दोष असतोच असं नाही. बहुतेक वेळा आपणच चुकीच्या गोष्टीवर घासाघीस करत बसतो.

खेपेचा दर विचारणं

"सिंधनूर ते सांगोला गाडीचं काय घेणार?" हा पहिलाच प्रश्न चुकतो. गाडी कितीला येते याला महत्त्व नाही. एक किलो वैरण गोठ्यात कितीला पडते हे बघायचं. वैरणीचं दुखणं असं की ती हलकी आणि फुगीर असते. वजन भरायच्या कितीतरी आधी गाडी भरून जाते.

बावीस फुटी ट्रकचा हौदा घ्या. रुंदी साडेसात फूट आणि माल आठ फूट उंच रचला, तर जागा होते साधारण ३७ घनमीटर. सुटा पेंढा एका घनमीटरात ५० किलोच्या आसपास बसतो, म्हणजे सगळी गाडी भरून जेमतेम दोन टन. बेलरचे बऱ्यापैकी घट्ट गठ्ठे घनमीटरला १२० किलो धरले तर तीच गाडी साडेचार टन आणते. हिशेबापुरतं भाडं २४ हजार धरा. सुट्याला किलोमागे १२ रुपये वाहतूक पडली, गठ्ठ्यांना ५ रुपये ३३ पैसे. ट्रकवाल्याशी दोन तास हुज्जत घालून तुम्ही भाड्यातले हजार-दोन हजार तोडाल. इथला फरक त्याच्या कितीतरी पट आहे.

म्हणून भाड्याची बोलणी करण्याआधी वैरणवाल्याला दोन गोष्टी विचारा: एका गठ्ठ्याचं माप किती आणि वजन किती? "मोठा गठ्ठा आहे मालक, एकदम टाईट" हे उत्तर धरू नका. पाच-दहा गठ्ठे काट्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगा. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि वजनाला त्याने भागा. घनमीटरला ८०-९० किलो निघाले तर बेलर ढिला चालवलाय. तो गठ्ठा किलोमागे थोडा स्वस्त मिळाला तरी वाहतुकीत ते पैसे वळते होतात. कडब्याचंही तसंच. शेकड्याच्या भावाने पेंढ्या घेतल्या आणि पेंढीच बारीक निघाली, तर भाडं तेवढंच, माल कमी.

मोठी गाडी म्हणजे महाग गाडी, असं धरून चालणं

आपल्याकडे वैरण म्हटलं की उघडा ट्रक, वर दोर, बाजूला लोंबणारे गठ्ठे, हेच चित्र डोळ्यापुढे येतं. पण पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून रोज बत्तीस फुटी बंद कंटेनर जातात-येतात. त्यातला सिंगल एक्सलचा (मागे चाकांचा एकच आस असलेला) कंटेनर सात टनांच्या आसपास वजन नेतो आणि आत जागा असते साधारण ५८ घनमीटर. मघाचे १२० किलोवाले गठ्ठे त्यात भरा, सांदीकोपऱ्यातली पोकळी सोडली तरी साडेसहा टन बसतात. वजन आणि जागा दोन्ही जवळपास एकदमच भरतात. वैरणीला इतकी जुळणारी गाडी दुसरी नाही. भाडं ३२ हजार पडलं तरी किलोमागे पाच रुपयांच्या आत येतं, शिवाय पावसाची काळजी नाही आणि ताडपत्रीचा वाद नाही.

मल्टी एक्सल कंटेनर मात्र घेऊ नका. तो दुप्पट वजन उचलतो आणि भाडंही त्याच हिशेबाने मागतो. तुमचा माल हलका, त्यामुळे न वापरलेल्या टनांचे पैसे तुम्ही मोजता. दहा चाकी, बारा चाकी ट्रकलाही हेच लागू.

कंटेनरची अडचण एकच, पण ती मोठी: माल फक्त मागच्या दारातून भरायचा-उतरवायचा, आणि गाडी वस्तीपर्यंत येत नाही. त्याबद्दल पुढे.

गाडी शोधायची वेळ चुकवणं

सोलापूर बाजार समितीतला कांदा हैदराबाद, बेंगळुरू, चेन्नईकडे जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी तर गाड्यांची रीघ असते. कांदा खाली झाला की त्याच गाड्यांना परतीचा माल हवा असतो. ड्रायव्हरला रिकामी गाडी आणणं परवडत नाही, डिझेल आणि टोल अंगावर पडतो. तेव्हा सोलापुरातून गाडी ठरवून रिकामी पाठवण्यापेक्षा तिकडून सोलापूरकडे येणारी गाडी पकडा. येण्याजाण्याचं भाडं आणि परतीचं भाडं यात फार अंतर असतं.

त्यासाठी आपल्याकडून सवलत द्यावी लागते. "उद्या सकाळीच पाहिजे" म्हणणाऱ्याला परतीची गाडी मिळत नाही. "तीन दिवसांत कधीही भरा, माल तयार आहे" म्हणणाऱ्याला मिळते. सोलापुरातल्या कांद्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे जाऊन बसा आणि सरळ विचारा, "अण्णा, रायचूरकडनं रिकामी यायलीय का कुठली गाडी?" दलाल त्याची दलाली घेईल, घेऊ द्या.

उसाच्या हंगामात गावातले ट्रक आणि ट्रॅक्टर कारखान्याला लागलेले असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गावातल्याच ओळखीच्या गाडीचा हट्ट धरला तर भाडं चढंच ऐकायला मिळेल. आषाढीच्या आधी पंढरपूरकडच्या रस्त्यांवर जड वाहतूक वळवतात, तेव्हा पंढरपूर-सांगोला भागात गाडी आणायची असेल तर वारीच्या तारखा बघून ठरवा. तसंही जूनपर्यंत थांबणारा वैरणीत मार खातोच. तुंगभद्रेच्या पट्ट्यात उन्हाळी भात एप्रिल-मेमध्ये निघतं, पेंढा तेव्हाच कोरडा आणि मुबलक असतो.

"भाडं ठरलं" म्हणून फोन ठेवणं

सगळ्यात जास्त भांडणं इथून उगवतात. भाडं ठरलं, पण त्यात काय काय आलं? भरायची हमाली वैरणवाल्याकडे की आपल्याकडे? उतरवायची वाराई, म्हणजे हमाली, कुणाची? टोल भाड्यात धरला का? गाडी भरायला दीड दिवस लागला तर हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे पैसे, किती? ताडपत्री आणि दोर ट्रकचा की तुमचा? उंचीवरून चलान झालं तर कोण भरणार?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. माल ठरलेल्या उंचीच्या वर किंवा हौद्याच्या बाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजारांचा दंड आहे, वर जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. "मालक, आजून दोन थर टाकू की" हे ड्रायव्हर म्हणाला तरी ऐकू नका. तेवढ्यासाठी २० हजारांचा जुगार कोण खेळेल? शिवाय गावाकडच्या लोंबत्या तारांना उंच गाडी लागून पेटल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतातच.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळीत लिहून पाठवा आणि "ओके" मागवून घ्या. मजकूर साधा ठेवा: "सिंधनूर ते सांगोला, पेंढा गठ्ठे, भाडं अमुक, टोलसह. भराई वैरणवाल्याची, उतराई माझी. भरायला आणि उतरवायला एकेक दिवस, पुढे हॉल्टिंग अमुक. हौद्याबाहेर माल नाही." एवढं पुरे.

कर्नाटकातून किंवा तेलंगणातून माल येणार असेल तर गाडीला नॅशनल परमिट आहे ना, हे आधी विचारा. गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. वैरणीवर जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिल लागत नाही. पण वैरणवाल्याची पावती आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल वाहून नेण्याची चिठ्ठी) गाडीत असू द्या, नाक्यावर बोलायला आधार राहतो. दुष्काळी वर्षात आणखी एक गोष्ट बघावी लागते. जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालतात, २०२३ साली राज्यातल्या काही जिल्ह्यांत असे आदेश निघाले होते. ज्या जिल्ह्यातून माल उचलायचा तिथे असा आदेश आहे का, याची खात्री वैरणवाल्याकडून नाही, तिथल्या तहसील कचेरीतून करा. वैरणवाला "काय होत नाही" म्हणणारच, त्याला माल खपवायचाय.

भरताना आपलं माणूस नसणं

अ‍ॅडव्हान्स पाठवला आणि गाडी आलीच नाही, असे प्रकार होतात. त्यावर उपाय एकच, पैसे काट्याच्या पावतीनंतर. आधी रिकाम्या गाडीचा काटा, मग भरल्यावरचा काटा, दोन्ही पावत्यांवर तोच गाडी नंबर आणि त्याच दिवसाची तारीख. दोन्हींचे फोटो आले की मालाचे पैसे आणि भाड्यातला ठरलेला अ‍ॅडव्हान्स सोडा. राहिलेलं भाडं पोच झाल्यावर. स्वतः जाणं जमत नसेल तर तिकडच्या ओळखीच्या कुणाला तरी दोन तास उभं करा.

त्या माणसाने गठ्ठे मोजण्यापेक्षा ओल बघावी. वरचे गठ्ठे कोरडेच असतात. मधला एखादा काढून सुतळी सोडायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा. आत उबदार लागलं, कुबट वास आला, काडी मोडायच्या ऐवजी वाकली, की तो ढीग सोडायचा. साठवणीच्या पेंढ्यात ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. २०-२२ टक्क्यांच्या वर गेलेले गठ्ठे आतून तापतात, बुरशी धरतात, आणि थप्पी मोठी असेल तर आपोआप पेट घेऊ शकतात.

ओलीचा भाड्याशीही संबंध आहे. सात टन गठ्ठ्यांत १२ टक्के ओल असेल तर कोरडी वैरण सहा टनांच्या वर येते. २५ टक्के असेल तर सव्वापाच टन. म्हणजे नऊशे किलो पाण्याचे पैसे तुम्ही वैरणवाल्यालाही दिले आणि तीनशे किलोमीटर वाहून आणल्याचे ट्रकवाल्यालाही.

शेवटचा किलोमीटर विसरणं

ड्रायव्हर डांबरीवर गाडी उभी करतो आणि म्हणतो, "आत येत नाय गाडी." वस्ती तिथून दीड किलोमीटर. मग ट्रॅक्टर बोलवा, गठ्ठे एकदा कंटेनरमधून ट्रॉलीत, पुन्हा ट्रॉलीतून गोठ्यात. दुप्पट वाराई, वर हॉल्टिंग.

भाडं ठरवतानाच रस्त्याचा व्हिडिओ पाठवा. ओढ्यावरची मोरी, वळण, वीजतारा, गाडी फिरवायची जागा, सगळं दाखवा. गाडी येणारच नाही हे आधी कळलं तर ट्रॅक्टर-ट्रॉली आणि माणसं तयार ठेवता येतात, आणि गाडी चार तासांत मोकळी करण्याच्या बोलीवर भाड्यात हजार-दीड हजार सोडवूनही घेता येतात. ड्रायव्हरला वेळ वाचणं म्हणजे पैसाच. दहा जनावरांच्या गोठ्याला जनावरामागे रोज सहा किलो सुकी वैरण धरली तर चार महिन्यांना ७,२०० किलो लागते, म्हणजे जवळपास एक कंटेनर. चार-पाच जनावरं असतील तर शेजारच्या दोघांना बरोबर घ्या, पण उतरवायची जागा एकच ठेवा. तीन वस्त्यांवर थांबणारी गाडी स्वस्तात कुणी देत नाही.

तरीही गडबड झालीच तर

गाडी वाटेत थांबवून ड्रायव्हर जादा पैसे मागत असेल तर त्याच्याशी भांडू नका. दलालाला आणि गाडीमालकाला ठरलेला मेसेज पाठवा, बोलणं त्यांच्याशीच करा. राहिलेलं भाडं तुमच्या हातात असतं, म्हणून तर पोचीनंतर द्यायचं.

पोचल्यावर जवळच्या काट्यावर वजन करा. शे-दीडशे किलोची घट वाटेत सुकण्याने होऊ शकते, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याहून जास्त तूट असेल तर माल उतरवायच्या आधी, गाडी समोर उभी असतानाच वैरणवाल्याला व्हिडिओ कॉल लावा.

भिजलेले, तापलेले गठ्ठे निघाले तर ते थप्पीत जाऊ देऊ नका. बाजूला फोडून उन्हात पसरा. बुरशीचा काळा-पांढरा थर धरलेलं काड दुभत्या जनावराला घालू नका, बुरशीचं विष दुधात उतरतं. ते उकिरड्यावर टाका आणि तेवढं वजन वैरणवाल्याच्या पुढच्या हिशेबातून वळतं करा. चांगले गठ्ठे जमिनीपासून वर, लाकडाच्या ओंडक्यांवर रचा. थप्पी गोठ्यापासून आणि विजेच्या तारेपासून लांब असावी. पहिले काही आठवडे एखादी लोखंडी सळई थप्पीत खुपसून ठेवा आणि रोज काढून हात लावून बघा. सळई हाताला पोळली तर थप्पी त्याच दिवशी मोडा, पण पाण्याचा पाइप जवळ ओढून ठेवल्याशिवाय तिला हात लावू नका.