मणिपूर-नागालँडमध्ये मध्यस्थ महिलांचं जाळं उभारायचंय? निघण्याआधी एवढी तयारी करा

कार्यशाळेची तारीख आत्ता ठरवू नका. फ्लेक्स, लोगो, जाळ्याचं नाव, यातलंही काही लगेच लागत नाही. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी यांच्यात हिंसक संघर्ष पेटला. आधी अशा बायका शोधा ज्यांचं त्याआधी दोन्हीकडे येणं-जाणं होतं. मैतेई घरात दिलेली कुकी मुलगी, दोन्ही समाजांच्या बाळंतिणी पाहिलेली नर्स, डोंगरातल्या बायकांशी वर्षानुवर्षं उधारीचा व्यवहार असलेली इमा कैथेलमधली, म्हणजे इम्फाळच्या फक्त बायकांच्या बाजारातली विक्रेती. बाई तांगखुल, म्हणजे मणिपूरच्या डोंगरातल्या नागा जमातीची असेल तर आजीबद्दल जरूर विचारा. गावागावांत लढाया व्हायच्या त्या काळी दुसऱ्या गावात लग्न होऊन गेलेल्या तांगखुल बाईला ‘पुखरैला’ म्हणत. ती दोन्ही बाजूंच्या मधे उभी राहिली की शस्त्रं थांबायची, कारण तिच्यावर हात उचलणं म्हणजे कुणाच्या तरी माहेरावर नाही तर सासरावर हात उचलणं. मध्यस्थी ही तिकडे बाहेरून नेऊन शिकवायची गोष्ट नाही, हे प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

पुढचं काम अप्रिय आहे, पण टाळू नका. बाई आहे म्हणजे शांतता हवीच असेल, असं धरून चालू नका. मैरा पायबींनी, म्हणजे मैतेई बायकांच्या मशालधारी गटांनी, १९८० च्या आसपासपासून हातात मशाली घेऊन रात्री पहारे दिले, आधी दारूविरुद्ध, मग सुरक्षा दलांच्या अत्याचारांविरुद्ध. त्यांचा दबदबा मोठा आहे. पण ३ मे २०२३ ला हिंसा सुरू झाल्यानंतर महिलांच्या संघटनाही समाजाच्या रेषेवरच फाटल्या. २४ जून २०२३ ला इथाम गावात महिला पुढे असलेल्या मोठ्या जमावाने सैन्याला वेढलं आणि पकडलेले १२ सशस्त्र मैतेई बंडखोर सोडून द्यावे लागले. तेव्हा प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: समोरची बाजू हिच्याबद्दल काय म्हणते? समोरच्या किमान दोघीजणी ‘हिच्याशी बोलायला हरकत नाही’ म्हणाल्या, तरच ती यादीत. आपल्या समाजात कितीही मोठी असली तरी ही अट सोडू नका. नावं फक्त मैतेई आणि कुकी-झो (कुकी आणि त्यांच्या नात्यातल्या जमाती) अशी भरू नका. नागा बायका आणि पंगाल, म्हणजे मैतेई मुस्लिम बायका, या यादीत हव्यातच. बिष्णुपूर आणि चुराचांदपूरच्या सीमेवरच्या क्वाक्तासारख्या पंगाल गावांनी दोन्हीकडचा मार मधे बसून सोसलाय.

आता जागा. मैतेईंचं इम्फाळ आणि कुकींचं चुराचांदपूर, दोन्ही बाद. संघर्ष पेटल्यापासून कुकी बाईला इम्फाळच्या विमानतळावर उतरता येत नाही. चुराचांदपूरकर मिझोराममधल्या ऐजॉलपर्यंत लांबच्या खडतर रस्त्याने जाऊन तिथून विमान धरतात, तर कांगपोक्पी या दुसऱ्या कुकी भागातले लोक कोहिमामार्गे नागालँडमधलं दिमापूर गाठतात. त्यामुळे गुवाहाटी बरी पडते. दिमापूर जवळ आहे, पण नागालँडसाठी इनर लाइन परमिट (बाहेरून येणाऱ्यांना लागणारा प्रवेश परवाना) आधी काढावं लागतं, आणि २०२० पासून मणिपूरसाठीही ते लागतं. तारखा ठरवताना आपलं कॅलेंडर बाजूला ठेवा. चर्चमध्ये जाणाऱ्यांसाठी रविवार बाद, आणि नाताळच्या आसपासचे दिवस तर पूर्णच बाद. निंगोल चाकौबाला मैतेई लेकी माहेरी जेवायला जातात. तो दिवस म्हणजे आपली भाऊबीजच, तिथीसुद्धा तीच. त्या दिवशी बैठक ठेवणाऱ्या आयोजकाला कुणी गंभीरपणे घेणार नाही.

दुभाषे दोन घ्या, प्रत्येक बाजूचा एक. मैतेईलोन, म्हणजे मैतेईंची भाषा, बऱ्याच डोंगरी लोकांनाही समजते, म्हणून तिच्या एकटीवर भागवायचा मोह होईल. सध्या तरी तो आवरा.

फोनची साखळी मात्र वेळ काढून बांधा. २०२३ मध्ये मणिपूरमध्ये मोबाइल इंटरनेट कित्येक महिने बंद होतं, आणि अफवा तरीही पोहोचल्या. दिल्लीकडच्या एका तरुणीच्या खुनाचा जुना फोटो चुराचांदपूरमध्ये मारलेल्या मैतेई मुलीचा म्हणून फिरला, आणि त्याचा सूड दुसऱ्याच बायकांवर उगवला गेला. म्हणून साधा कॉल आणि एसएमएस यांवर चालणारी साखळी हवी: कोण कुणाला फोन करणार, तो लागला नाही तर पुढचा कुणाला, आणि खातरजमा झाल्याशिवाय कुणी काहीही पुढे पाठवायचं नाही. महिन्यातून एकदा काही घडलेलं नसतानाही ती चालवून बघा. भिवंडीत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्या दंगल नसतानाही नियमित भेटत राहिल्या, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पोलीस खात्याची ती गोष्ट वेगळी, पण नियमित भेटण्याचा धडा इथे तंतोतंत लागू आहे.

पैशांचं बोलणं लाजत करू नका. प्रवासखर्च हातात रोख आणि आधी द्या, बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या, लहान मूल आणि त्याला सांभाळणारी बाई यांचंही तिकीट काढा. नाहीतर शेवटी येतात त्या फक्त इंग्रजी बोलणाऱ्या आणि परवडणाऱ्या. परदेशी देणगी घेणार असाल तर सीएला आधी भेटा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे ‘मुख्य संस्था पैसे घेईल आणि गावोगावच्या गटांना वाटेल’ हा नेहमीचा आराखडा इथे मुळातच चालत नाही. प्रस्ताव लिहिण्याआधी हे कळलेलं बरं.

मग खुर्चीचा प्रश्न. नागा मदर्स असोसिएशनने १९९४ मध्ये ‘शेड नो मोअर ब्लड’ मोहीम चालवली, बेवारस मृतदेहांवर शाली पांघरल्या, जंगलातल्या सशस्त्र गटांशी बोलणी केली. सगळ्यांनी त्यांना आई मानलं. पण त्याच नागालँडमध्ये शहरी संस्थांत महिलांना ३३ टक्के जागा द्यायची वेळ आली तेव्हा २०१७ मध्ये हिंसक आंदोलन झालं आणि निवडणुका २०२४ पर्यंत लांबल्या. आदर मिळतो, जागा मिळत नाही. जगातही तेच: १९९२ ते २०११ मधल्या ३१ मोठ्या शांतता प्रक्रिया तपासल्या तेव्हा मुख्य मध्यस्थांत महिला २ टक्के आणि वाटाघाटी करणाऱ्यांत ९ टक्के निघाल्या. तेव्हा जाळं तयार झाल्यावर ते कुणाकडे जाऊन काय मागणार, हे कागदावर हवं: कुठला सरकारी संवादक, कुठली ग्रामपरिषद, कुठलं चर्च. पश्चिम आफ्रिकेत मानो नदीकाठच्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांतल्या महिलांनी २००० मध्ये आपलं जाळं बांधलं ते एकमेकींना भेटण्यापुरतं नव्हतं. त्या थेट तिन्ही राष्ट्राध्यक्षांकडे गेल्या, एकत्र बसा म्हणाल्या, आणि २००२ मध्ये ते तिघे मोरोक्कोतल्या राबातमध्ये भेटले.

निघताना नावांची यादी व्हॉट्सअॅपवर फिरू देऊ नका. ती एका कागदावर, एका माणसाकडे असावी. सामूहिक फोटो काढायचा नाही, आणि देणगीदाराला अहवालात फोटो मिळणार नाही हे आधीच लिहून कळवा. पहिल्या बैठकीत ‘शांतता’ हा विषयच ठेवू नका, कुकींना हवं असलेलं वेगळं प्रशासन की मैतेईंना हवं असलेलं अखंड मणिपूर, या वादात तर शिरूच नका. छोटं आणि नेमकं काही घ्या. २०२३ मध्ये मारल्या गेलेल्या कित्येकांचे मृतदेह डिसेंबरपर्यंत शवागारात पडून होते, कारण घरचे त्या शहरात पाऊल टाकू शकत नव्हते. मृतदेह घरी पोहोचवणं, डायलिसिसच्या पेशंटला वाट मिळणं, कुलूपबंद घरात राहिलेली शाळेची प्रमाणपत्रं परत मिळणं, यातलं एक निवडा. त्याची जबाबदारी दोन्हीकडच्या एकेकीवर सोपवा आणि पुढच्या बैठकीची तारीख तिथेच, उठण्याआधी, ठरवून घ्या.