क्लेने मोजणी शिकवताय? मग या चुका टाळा

क्लेचा गोळा पोराच्या हातात दिला की बरेच जण पहिलं काय सांगतात, तर लांब वळी कर आणि ५ चा आकडा बनव. तिथेच गाडी चुकते. आकडा वळवता येणं आणि पाच गोळ्या मोजता येणं या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत हो, आकडा म्हणजे एक चित्र. आधी गोळ्या घ्या, आकडा नंतर, आणि तोही कागदावर मोठा काढून द्या म्हणजे पोर त्या रेषेवर वळी ठेवेल.

आता खरी डोकेदुखी. समोर पाच गोळ्या मांडल्यात, तोंड पुढे पळतंय, बोट मागे राहिलंय, तिसऱ्या गोळीवर येईपर्यंत "पाच!" म्हणून मोकळं. नाहीतर एकच गोळी दोनदा मोजून टाकायची. मग आपण म्हणतो "नाही नाही, परत मोज", आणि ते परत तस्संच मोजतं. मीपण हेच करायचे आणि आवाजही चढायचा, खोटं कशाला बोलू. एकदा वैतागून लेकीला म्हटलं, मोजलीस ना, मग अंगठ्याने दाबून टाक तिला. एक, चपटी. दोन, चपटी. जी अजून फुगलेली दिसतेय ती मोजायची राहिलीय! बटणं घेतली तर हे जमत नाही, क्लेवर खूण राहते.

पुढची अडचण म्हणजे नीट मोजून झाल्यावर "मग किती आहेत?" विचारलं की गाडी पुन्हा एकपासून सुरू. हा हट्ट नाहीये. शेवटी म्हटलेला शब्द म्हणजे एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. गेलमन आणि गॅलिस्टेल या संशोधकांनी १९७८ साली मोजणीची पाच तत्त्वं मांडली त्यात हे एक स्वतंत्र तत्त्व आहे, म्हणजे दहापर्यंत घडाघड म्हणता आलं तरी हे वेगळं शिकावंच लागतं. "किती आहेत" चा धोशा लावण्यापेक्षा "मला तीन गोळ्या दे" म्हणून बघा. मूठभर उचलून दिल्या तर ओरडू नका, दोनवर या.

आणि एक चूक तर आपल्या लक्षातच येत नाही, गोळ्या लहानमोठ्या असणं. एका बाजूला तीन ढब्बू गोळे आणि दुसरीकडे पाच बारीक गोळ्या ठेवून जास्त कुठे विचारलं तर पोर तीनकडे बोट दाखवेल, आणि क्लेच्या हिशोबाने त्याचं काही चूक नाही! म्हणून सुरुवातीला बाटलीच्या झाकणात क्ले भरून काढा, सगळ्या गोळ्या सारख्या होतात. तसंच दोन रांगांत सारख्याच गोळ्या असल्या, पण एका रांगेतल्या लांब लांब मांडल्या, तर त्या जास्त वाटतात, हे पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवलेलं आहे. समजावत बसू नका, दोन्ही रांगांतल्या गोळ्यांच्या जोड्या लावा.

साळिंदर हा आमच्याकडचा आवडता प्रकार, क्लेचं अंग आणि स्ट्रॉचे तुकडे म्हणजे काटे, फासा टाकायचा आणि तेवढे काटे खोचायचे. काटे पडत असतील तर घरचा मैद्याचा क्ले जास्त मऊ झालाय, चिमूटभर मैदा घालून मळा. उलट भेगा पडत असतील तर हात ओला करून मळा, आणि खेळून झाल्यावर डबा घट्ट बंद करा (हे आम्ही दर वेळी विसरतो). तीन वर्षांखालच्या मुलांना डोळ्यांसाठी मणी अजिबात देऊ नका, घशात अडकतात. घरच्या क्लेमध्ये मीठ भरपूर असतं, तेव्हा खाण्यापासून लांब ठेवा, आणि गव्हाची ॲलर्जी असेल तर मैद्याचा नकोच.

बाकी फोटो काढायचा असेल तर मोजायच्या आधी काढा, नंतर सगळं चपटं झालेलं असतं.