पेनल्टीचा निकाल कसा वाचावा: एका लघुलेखिकेकडून

गेली बावीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक आहे. साहेब सांगतात, मी टिपते आणि संध्याकाळपर्यंत टाईप करून देते. निकाल लागला की हरलेला पक्षकार व्हरांड्यात येऊन पहिलं वाक्य काय बोलणार, हे मला आता पाठ झालंय: "सगळं आधीच ठरलं होतं." फॉर्म्युला वनमध्ये पेनल्टी लागली की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा भाचा अगदी हेच लिहितो. तो पक्का फेरारीवाला. निकालपत्र मात्र ना तो पक्षकार वाचतो, ना आमचा भाचा.

म्हणून हे लिहितेय. भांडू नका असं माझं म्हणणं नाही. भांडा, पण कागद हातात घेऊन.

सुरुवात कॅनडातल्या माँट्रियलच्या शर्यतीच्या रात्रीपासूनच करते. ९ जून २०१९, रविवार. शर्यत आपल्याकडे रात्री अकरा चाळीसला सुरू झाली. भाचा उशी घेऊन आमच्याकडे आला होता. सत्तर फेऱ्यांची शर्यत, फेरारीचा सेबास्टियन वेटल पुढे आणि मर्सिडीजचा लुइस हॅमिल्टन त्याच्या मागे चिकटलेला. ४८व्या फेरीत वेटलची गाडी तिसऱ्या वळणावर निसटली, गवतावरून उसळत गेली आणि चौथ्या वळणाशी पुन्हा ट्रॅकवर आली, ती थेट हॅमिल्टनच्या पुढ्यात. उजवीकडे भिंत. हॅमिल्टनला ब्रेक मारावा लागला. भाचा ओरडला, "मावशी, बघ कशी सावरली!" थोड्या वेळाने पडद्यावर पट्टी आली: गाडी क्रमांक ५, म्हणजे वेटल, पाच सेकंद. तेवढे त्याच्या एकूण वेळेत वाढणार.

वेटलने रेषा ओलांडली तेव्हा तो १.३४२ सेकंदांनी पुढे होता. कागदावर हॅमिल्टन ३.६५८ सेकंदांनी जिंकला. वेटलने गाडी ठरलेल्या जागी लावलीच नाही. नंतर येऊन त्याने हॅमिल्टनच्या गाडीपुढचा १ नंबरचा फलक आणि स्वतःच्या रिकाम्या जागेपुढचा २ नंबरचा फलक यांची अदलाबदल केली. लोक हॅमिल्टनची हुर्यो उडवायला लागले, तेव्हा वेटलनेच त्यांना सांगितलं की लुइसची उडवू नका, या निर्णयांची उडवा. फलकांचा पोरखेळ मी त्या एका वाक्यासाठी माफ केला.

आता कामाचं. एफआयए म्हणजे या शर्यतींची जागतिक नियामक संस्था, आणि स्टुअर्ड म्हणजे शर्यतीतले पंच. एफआयएच्या संकेतस्थळावर स्टुअर्डांच्या प्रत्येक निर्णयाची पीडीएफ येते. बहुतेक वेळा एकच पान असतं. वर दस्तऐवज क्रमांक, मग गाडी, ड्रायव्हर, संघ, वेळ. त्याखाली क्रमाने चार गोष्टी: काय घडलं, कुठलं कलम मोडलं, निर्णय आणि कारणं. लोक उडी मारून तिसरीवर जातात. तुम्ही तो निर्णय अंगठ्याने झाका. मी खरंच झाकते, मोबाईलच्या पडद्यावर अंगठा ठेवून. आधी फक्त 'काय घडलं' वाचायचं, मग व्हिडिओ लावायचा आणि शब्द न् शब्द ताडून बघायचा.

वेटलच्या कागदावर तीन गोष्टी होत्या. तो तिसऱ्या वळणावर ट्रॅकबाहेर गेला. चौथ्यावर असुरक्षित रीतीने परत आला. आणि ४४ नंबरच्या, म्हणजे हॅमिल्टनच्या, गाडीला त्याने बाहेर ढकललं, टक्कर टाळायला तिला बाजूला व्हावं लागलं. पहिलीबद्दल वादच नाही. दुसरीवर वेटलचं म्हणणं असं की चाकांना गवत लागलं होतं, मी दुसरीकडे जाणार तरी कुठे? माणूस म्हणून मला हे पटतं. पण 'त्याला दुसरं काही करता आलं असतं का' हा एक प्रश्न आणि 'परत येणं सुरक्षित होतं का' हा वेगळा. कलमात दुसरा प्रश्न आहे. कोर्टात रोज बघते, वकील पहिल्या प्रश्नावर तासभर बोलतात आणि निकाल दुसऱ्यावर लागतो. तिसऱ्या मुद्द्यावर भांडायला जागा आहे, आणि मारिओ अँड्रेटी, नायजेल मॅन्सेल यांच्यासारख्या जुन्या विश्वविजेत्यांनीही त्या निर्णयावर उघड नाराजी दाखवली होती. माझं मत विचाराल तर शिक्षा कडक होती, पण कागद खोटा नव्हता.

व्हिडिओ बघताना एक पथ्य पाळा. पहिल्यांदा खऱ्या वेगात बघा, संथ गतीत नको. संथ गतीत प्रत्येक ड्रायव्हर मुद्दाम करतोय असंच वाटतं, कारण त्याला विचार करायला वेळ होता असा भास होतो. आणि दोन्ही गाड्यांचे कॅमेरे बघा. आपल्या लाडक्याच्याच हेल्मेटमागून बघाल तर तो कायम निर्दोष दिसणार.

मग शिक्षा. पाच सेकंद म्हणजे त्या काळी टाइम पेनल्टीतली सगळ्यात हलकी. दोघांत सव्वा सेकंदाहून थोडंच जास्त अंतर होतं म्हणून ती विजयाच्या गळ्याशी आली, दहा सेकंदांची आघाडी असती तर कुणाच्या लक्षातही राहिली नसती. उलटं उदाहरण २०२१च्या ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीचं. पहिल्याच फेरीत कॉप्स वळणावर हॅमिल्टनशी धडक होऊन मॅक्स वर्स्टापेन ५१ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट) धक्क्याने भिंतीवर आदळला आणि तपासणीसाठी रुग्णालयात गेला. हॅमिल्टनला दहा सेकंद लागले, ते भोगूनही तो जिंकला. संतापणं साहजिक आहे, पण स्टुअर्ड कृती तोलतात, परिणाम नाही. हे तत्त्वच चूक वाटत असेल तर तसं म्हणा. तो स्टुअर्डांशी नाही, नियम करणाऱ्यांशी वाद आहे.

आणि शिव्या कुणाला घालताय तेही बघून घ्या. शर्यत चालवणारा रेस डायरेक्टर वेगळा, स्टुअर्ड वेगळे. १२ डिसेंबर २०२१ला अबू धाबीत हॅमिल्टन आणि वर्स्टापेन यांच्या मधल्या, एक फेरी मागे पडलेल्या पाचच गाड्यांना सेफ्टी कारच्या (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या गाडीच्या) पुढे सोडण्याचा निर्णय रेस डायरेक्टर मायकेल मासी यांचा होता. स्टुअर्डांकडे नंतर मर्सिडीजच्या हरकती आल्या आणि त्यांनी त्या फेटाळल्या. फौजदार आणि न्यायाधीश यांची गल्लत करून चालत नाही.

भाच्याचं आवडतं हत्यार म्हणजे तुलना. कॅनडानंतर तीनच आठवड्यांनी ऑस्ट्रियात, शर्यत संपायला दोनेक फेऱ्या असताना वर्स्टापेनने फेरारीच्या शार्ल लेक्लेरला तिसऱ्या वळणावर बाहेर घातलं. स्टुअर्डांनी शर्यतीनंतर तीन तासांहून जास्त घोळ घातला आणि कारवाई नाही असं ठरवलं. "वेटलला एक न्याय, याला दुसरा!" मेसेज मोठ्या अक्षरांत. अरे, पण एक प्रकरण ट्रॅकवर परत येण्याचं, दुसरं वळणात ओव्हरटेक करण्याचं. चेक न वटल्याच्या खटल्यात भाडेकरूचा निकाल दाखवून कसं चालेल? आता तर एफआयएने २०२५मध्ये ड्रायव्हिंगची मार्गदर्शक तत्त्वं आणि पेनल्टीचे निकष दोन्ही जाहीर केलेत. तुलना करायची तर ती शेजारी उघडी ठेवून करा.

शेवटचा टप्पा फेरविचाराचा, आणि माझा खास आवडता. शर्यतीत दिलेल्या टाइम पेनल्टीवर अपील नसतं. फेरविचार मागता येतो, पण पुरावा नवा हवा, महत्त्वाचा हवा, प्रकरणाशी संबंधित हवा आणि निर्णयाच्या वेळी हाती नसलेला हवा. चारही अटी एकदम. फेरारीने वेटलसाठी जे आणलं त्यात आपल्या चेन्नईच्या करुण चंडोकने टीव्हीवर केलेलं विश्लेषणही होतं. स्टुअर्ड म्हणाले, नवं आहे, पण ते तिऱ्हाइताचं वैयक्तिक मत. फेटाळलं. २०२४ला ऑस्टिनच्या शर्यतीनंतर मॅक्लारेन संघाने कमालच केली. त्यांच्या लँडो नॉरिसला लागलेल्या पाच सेकंदांवरचं निकालपत्रच चुकलंय आणि ती चूक हाच नवा पुरावा, असा त्यांचा युक्तिवाद. हे वाचून मी डबा खाता खाता मोठ्याने हसले. अर्थात फेटाळलं.

जिंकलेलं प्रकरण वाचायचं तर २०२३च्या सौदी अरेबियातल्या जेद्दाचं वाचा. फर्नांडो अलोन्सोची गाडी सुरुवातीला चौकटीत नीट उभी नव्हती म्हणून पाच सेकंद. पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, ते भोगताना मागचा जॅक गाडीला टेकला. शिक्षा भोगताना गाडीवर काम करायचं नसतं, म्हणून आणखी दहा, आणि तीही त्याचा व्यासपीठावरचा समारंभ उरकल्यावर. तिसरा नंबर गेला. त्याच्या संघाने, अ‍ॅस्टन मार्टिनने, काय केलं? रडगाणं गायलं नाही. जॅक टेकूनही शिक्षा न झालेल्या सात जुन्या घटनांचे व्हिडिओ आणि एफआयए व संघांच्या बैठकीचं इतिवृत्त पुढे ठेवलं. नुसतं टेकवणं म्हणजे काम, असं ठरल्याचं त्यातून स्पष्ट होत नव्हतं. निर्णय फिरला आणि अलोन्सोची शंभरावी पोडियम (पहिल्या तिघांतली जागा) परत आली.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर चालू देत नाही. माँट्रियलच्या स्टुअर्डांत ल मॉंची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकलेले इमानुएले पिरो होते. त्यांना लोकांनी नको नको ते लिहिलं. निकालाला नावं ठेवा, माणसाच्या घरापर्यंत जाऊ नका. भाच्याने तसं एकदा लिहिलं, तेव्हा मी त्याला आठवडाभर ग्रुपमधून काढलं होतं. ताईचा फोन आला, तरी परत घेतलं नाही.

६ जुलै २०२५ला सिल्व्हरस्टोनला सेफ्टी कारच्या मागे जोरात ब्रेक मारला म्हणून ऑस्कर पियास्ट्रीला दहा सेकंद लागले आणि शर्यत नॉरिसला गेली. त्या रात्री भाच्याने आधी पीडीएफ पाठवली. खाली लिहिलं होतं, "मावशी, ताशी २१८वरून ५२ किलोमीटर. जास्तच झालं हे."

मी विचारलं, "काय जास्त झालं, ब्रेक की पेनल्टी?"

दहा मिनिटं तो टाईप करतोय असं दिसत होतं. मग आलं, "दोन्ही."